'यू आर रिक्वेस्टेड टू…' म्हणजे विनंती की हुकूम?

ऑर्डर, इन्स्ट्रक्शन, अ‍ॅडव्हायझरी, परमिशन, कन्सेंट, क्लिअरन्स. डिक्शनरीत शेजारीशेजारी बसणारे हे शब्द प्रत्यक्षात एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कोणता शब्द तुम्हाला बांधतो आणि कोणता मोकळं सोडतो, हे ओळखता येतं का तुम्हाला?

क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोटीस पडते : 'ऑल स्टुडंट्स आर रिक्वेस्टेड टू बी प्रेझेंट इन द ऑडिटोरियम.' तुम्ही कुरकुरत का होईना, जाता. आता बघा, नोटिशीत चक्क विनंती केली होती. विनंतीला नाही म्हणता येतं. मग तुम्ही नाही का म्हणाला नाहीत? कारण खाली एचओडींची सही होती आणि तिथे अटेंडन्स लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. शब्द विनंतीचा, काम हुकमाचं.

उलटंही होतं. हॉस्टेलच्या भिंतीवर 'स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे रात्री अकराला केटलमध्ये मॅगी शिजत असते. शब्द कडक, पण ऐकतंय कोण?

इंग्रजीत हुकूम द्यायला, परवानगी मागायला आणि अधिकार सांगायला ढीगभर शब्द आहेत. स्पर्धा परीक्षांसाठी आपण त्यांच्या याद्या पाठ करतो. ऑर्डर म्हणजे कमांड, कमांड म्हणजे डायरेक्टिव्ह. परमिशन म्हणजे कन्सेंट, कन्सेंट म्हणजे अप्रूव्हल. पेपरात एक मार्क मिळून जातो. पण इंटर्नशिपचं लेटर हातात येतं, पहिल्या नोकरीचा बॉण्ड समोर ठेवला जातो, मोबाइलवर 'आय अ‍ॅग्री'चं बटण चमकतं, तेव्हा ती यादी कामाची नसते. तिथे प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावे लागतात. हा शब्द कोण वापरतंय? याला नाही म्हणता येईल का? आणि उद्या काही बिनसलं तर जबाबदारी कोणाची?

समानार्थी शब्दांचा ज्याच्या नावाने ओळखला जाणारा कोश जगभर वापरतात, त्या पीटर मार्क रॉजेलाही हा फरक माहीत होता. पेशाने डॉक्टर असलेल्या रॉजेचा 'थिसॉरस' १८५२ मध्ये आला. त्यात त्याने शब्द एबीसीडीप्रमाणे न लावता अर्थाच्या कप्प्यांत लावले. ऑथॉरिटी, कमांड, परमिशन, प्रोहिबिशन आणि कन्सेंट असे पाच वेगवेगळे कप्पे केले. म्हणजे परमिशन आणि कन्सेंट एकच नाहीत, हे थिसॉरस लिहिणाराच सांगून गेला होता. यादी पाठ करताना आपण कप्प्यांच्या भिंती पाडून टाकल्या.

इतके शब्द आले कुठून?

१०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर काही पिढ्या तिथल्या दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच होती, चर्चची आणि विद्वानांची भाषा लॅटिन होती आणि शेतावर, चुलीपाशी लोक आपली जुनी इंग्रजी बोलत होते. त्यामुळे एकाच गोष्टीला तीन तीन शब्द जमले. राजाला शोभणारं म्हणायचं तर जुन्या इंग्रजीतून किंगली, फ्रेंचमधून रॉयल आणि लॅटिनमधून रीगल.

परवानगीचंही तसंच. 'लेट' हा जुना, घरातला शब्द : लेट मी गो. 'अलाऊ' फ्रेंचमधून आला, तो जरा नीटनेटका. 'परमिट' लॅटिनचा, त्याला कागद आणि शिक्का लागतो. म्हणूनच ट्रकच्या तोंडावर 'नॅशनल परमिट' रंगवलेलं असतं, 'नॅशनल लेट' नसतं.

आपल्यालाही हे नवं नाही. मराठीत हेच तीन मजले आहेत. 'आई, जाऊ दे ना!' हे घरातलं. 'परवानगी', 'मुभा', 'मंजुरी', 'हुकूम' हे फारसी-अरबी वळणाचे शब्द कित्येक शतकांच्या राज्यकारभारातून आले. आणि 'अनुमती', 'आदेश', 'अनुज्ञप्ती' हे संस्कृत. हा फरक शिवाजी महाराजांच्या काळातही इतका जाणवत होता, की कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' त्यांनी करवून घेतला. आज आरटीओत जाऊन बघा. तुम्ही ज्याला लर्निंग लायसन्स म्हणता, त्याला सरकारी मराठीत 'शिकाऊ अनुज्ञप्ती' म्हणतात. गाडी तीच, चालवणारे तुम्हीच. पण शब्द जितका जड, तितका समोरचा माणूस टेबलाच्या पलीकडे लांब गेल्यासारखा वाटतो.

तर पहिली गोष्ट ही. हुकमाच्या आणि परवानगीच्या शब्दांत अर्थाबरोबर अंतरही असतं. कोण वर आहे, कोण खाली आहे आणि दोघांच्या मध्ये किती पायऱ्या आहेत, हे शब्दच सांगतो.

एका 'ओके'ची किंमत

शब्दांचा हा फरक फक्त मार्कांपुरता असता, तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. पण परवानगीच्या एका शब्दाचे दोन अर्थ निघाले आणि त्यात ५८३ माणसं मेली, असं खरोखर घडलं आहे.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफचा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या मोठ्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे बरीच विमानं इथे वळवलेली. जागा अपुरी, त्यात धुकं उतरलं. केएलएम कंपनीचं जम्बो जेट धावपट्टीच्या टोकाला उभं होतं. पॅन अ‍ॅम कंपनीचं दुसरं जम्बो त्याच धावपट्टीवरून हळूहळू सरकत होतं. धुक्यामुळे दोन्ही विमानांना एकमेकं दिसत नव्हती आणि कंट्रोल टॉवरला दोघंही दिसत नव्हते.

वैमानिकाला निघण्याआधी दोन परवानग्या लागतात आणि इंग्रजीत दोन्हींना 'क्लिअरन्स' म्हणतात. एक मार्गाची : उडाल्यावर कुठे वळायचं, किती उंची गाठायची. दुसरी प्रत्यक्ष उड्डाणाची : आता निघा. टॉवरने केएलएमला मार्गाचा क्लिअरन्स वाचून दाखवला. त्यात 'टेक-ऑफनंतर' काय करायचं याचा उल्लेख होता, म्हणजे 'टेक-ऑफ' हा शब्द कानावर पडला. कॅप्टनने विमान पुढे काढायला सुरुवात केली. सहवैमानिकाने टॉवरला मार्ग परत वाचून दाखवला आणि शेवटी सांगितलं, 'वुई आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ.' म्हणजे काय? आम्ही उड्डाणाच्या जागेवर उभे आहोत, की आम्ही निघालो आहोत? टॉवरने पहिला अर्थ घेतला आणि म्हटलं, 'ओके.' मग जरा थांबून, 'स्टँडबाय फॉर टेक-ऑफ, मी तुम्हाला बोलावतो.' नेमक्या त्याच क्षणी पॅन अ‍ॅमनेही रेडिओवर सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट पोचलं ते फक्त 'ओके'.

कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान अजून बाजूला झालेलं नाही का, असं त्याने विचारलं. पण विचारलं ते प्रश्नाच्या सुरात. कॅप्टन हा कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक, इतरांना शिकवणारा. त्याने ठामपणे उत्तर दिलं, झालंय. इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. काही सेकंदांत दोन्ही जम्बो एकमेकांवर आदळली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला आजवरचा हा सगळ्यात जीवघेणा अपघात.

त्यानंतर नियम बदलले. आता 'टेक-ऑफ' हा शब्द टॉवर दोनच वेळा वापरतो : उड्डाणाची परवानगी देताना आणि ती रद्द करताना. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. नुसत्या 'ओके'वर भागत नाही, महत्त्वाची सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. आणि ज्युनिअरने सीनिअरला स्पष्ट शब्दांत अडवायला शिकावं, म्हणून वैमानिकांच्या ट्रेनिंगमध्ये वेगळा भाग आला.

तुम्ही विमान चालवत नाही. पण 'सर, फेस्टचं करू ना?' आणि 'हं, बघा' एवढ्या संवादावर स्पीकर, मंडप आणि जेवणाची ऑर्डर देऊन मोकळे होताच ना? 'बघा' हा कुठला क्लिअरन्स होता : विचार करायचा, की खर्च करायचा?

गोड हुकूम जास्त चालतो

आता दुसरी बाजू. हुकूम मोठ्या आवाजात, कडक शब्दांत दिला की लोक ऐकतात, असं आपल्याला वाटतं. सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना स्टॅनली मिलग्रॅम हे नाव माहीत असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात.

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मिलग्रॅमने एक प्रयोग सुरू केला. साध्या लोकांना बोलावून सांगितलं, की शिक्षेचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो ते आम्ही पाहतोय. पलीकडच्या खोलीतला माणूस चुकला, की तुम्ही बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा. दर चुकीला झटका १५ व्होल्टने वाढवायचा, ४५० पर्यंत. झटके खोटे होते आणि पलीकडचा माणूस अभिनय करत होता, पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. तो कचरला, की शेजारी बसलेला कोटवाला प्रयोगकर्ता ठरलेली चार वाक्यं चढत्या क्रमाने म्हणायचा. पहिलं : कृपया पुढे चला. दुसरं : तुम्ही पुढे जाणं या प्रयोगासाठी आवश्यक आहे. तिसरं : तुम्ही पुढे जाणं अत्यंत गरजेचं आहे. चौथं : तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे जावंच लागेल. पहिल्या प्रसिद्ध फेरीत ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

हा आकडा बऱ्याच जणांना माहीत असतो. पुढचं मात्र कमी जणांना माहीत आहे. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा विद्यापीठाच्या जेरी बर्गरने हा प्रयोग जरा सौम्य करून पुन्हा केला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला. नंतर त्याने संवादाच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की ज्यांना ज्यांना चौथं वाक्य ऐकवावं लागलं, त्यातल्या एकानेही पुढचं बटण दाबलं नाही. 'पर्याय नाही' म्हटल्यावर लोकांना उलट आठवलं, की पर्याय आहे! वाक्य जितकं हुकमासारखं, तितकं ते कमी चाललं. 'कृपया' आणि 'प्रयोगासाठी आवश्यक' ही वाक्यं मात्र चालून गेली. काही मानसशास्त्रज्ञांच्या मते लोक हुकूम पाळत नव्हते, तर विज्ञानाच्या चांगल्या कामात आपण मदत करतोय असं त्यांना वाटत होतं.

दुसरं वाक्य पुन्हा वाचा. 'प्रयोगासाठी आवश्यक आहे.' इथे हुकूम देणारा माणूसच गायब आहे! इंग्रजीत याला तोटा नाही : 'इट इज रिक्वायर्ड', 'इट हॅज बीन डिसायडेड', 'अ‍ॅज पर पॉलिसी'. आपल्या नोटिसाही काही कमी नाहीत : 'सर्वांना कळविण्यात येते की…', 'असे ठरविण्यात आले आहे.' कोण कळवतंय? कोणी ठरवलं? वाक्यात कर्ता नसला, की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. जबाबदारी कोणाची, ते कळत नाही. म्हणून असं वाक्य दिसलं की त्याचा कर्ता शोधा. भांडायची गरज नाही. 'हा निर्णय कोणी घेतलाय, सर? कोणाला भेटू?' एवढं नम्रपणे विचारलं तरी पुरतं.

आपल्या राज्यघटनेतही या प्रश्नाला मान आहे. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं जे रिट काढू शकतात, त्यातल्या एकाचं नाव 'क्वो वॉरंटो'. लॅटिन शब्द, अर्थ साधा : कोणत्या अधिकाराने? सार्वजनिक पदावर बसलेल्या माणसाला न्यायालय हे विचारू शकतं. दुसरं 'मँडॅमस', म्हणजे आम्ही आज्ञा करतो. तिथे न्यायालय सरकारी अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावतं. अधिकारापुढे झुकायचं की त्याला प्रश्न विचारायचा, यासाठी दोन्ही शब्द एकाच कलमात शेजारी आहेत.

'शॅल' कोणाच्या वाट्याला, 'मे' कोणाच्या?

हा भाग कापून ठेवलात तरी चालेल, कारण पहिलं ऑफर लेटर आलं की याचा उपयोग होईल.

कायद्याच्या इंग्रजीत 'शॅल' म्हणजे साधारणपणे करावंच लागेल, आणि 'मे' म्हणजे केलं तर चालेल, मर्जी. प्रसंगी न्यायालयं संदर्भ बघून वेगळा अर्थ लावतात, पण वाचताना सुरुवात इथूनच करायची. आता कुठलंही कॉन्ट्रॅक्ट घ्या आणि दोन रंगांची पेनं घ्या. सगळ्या 'शॅल'खाली लाल रेघ मारा, सगळ्या 'मे'खाली निळी. मग प्रत्येक रेघेच्या आधी कोणाचं नाव आहे ते बघा. 'द इंटर्न शॅल', 'द इंटर्न शॅल नॉट', 'द इंटर्न शॅल' आणि मग 'द कंपनी मे एक्स्टेंड', 'द कंपनी मे पे', 'द कंपनी मे टर्मिनेट'. लाल रेघा सगळ्या तुमच्या नावापुढे आणि निळ्या सगळ्या त्यांच्या नावापुढे असतील, तर कागद काय म्हणतोय ते वकिलाशिवाय कळेल. 'मे पे अ स्टायपेंड' म्हणजे स्टायपेंड मिळणार असं नव्हे. देऊही, न देऊही. सही करण्याआधी हा एक शब्द बदलून मागा. नाही बदलला, तर निदान कशावर सही करतोय ते तुम्हाला माहीत असेल.

आणि याच्या उलट मांडणी बघायची असेल, तर संविधानातले मूलभूत हक्क वाचा. कलम १४ आणि १५ इंग्रजीत 'द स्टेट शॅल नॉट' अशी सुरू होतात. तिथे लाल रेघ नागरिकाच्या नव्हे, तर राज्याच्या नावापुढे आहे. ज्याच्या हातात ताकद जास्त, त्याला 'करायचं नाही' असं सांगितलंय.

नाव ऐकून फसायचं नाही, याचंही उदाहरण संविधानातच आहे. 'डायरेक्टिव्ह प्रिन्सिपल्स'. डायरेक्टिव्ह म्हटलं की आदेश वाटतो. पण कलम ३७ सांगतं, की ही तत्त्वं कोर्टाकडून अमलात आणून घेता येणार नाहीत, तरी देशाचा कारभार करताना ती मूलभूत आहेत. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना 'मार्गदर्शक तत्त्वे' म्हणून शिकलो. मराठी शब्दाने इंग्रजी शब्दाचा कडकपणा आपोआप उतरवला!

कॉलेजच्या बाबतीतही रेग्युलेशन, गाइडलाइन आणि अ‍ॅडव्हायझरी यांची सरमिसळ करू नका. रेग्युलेशनला कायद्याचा आधार असतो. रॅगिंगविरुद्धचे यूजीसीचे २००९ चे नियम हे 'रेग्युलेशन्स' आहेत, ते कॉलेजला पाळावेच लागतात. अ‍ॅडव्हायझरी म्हणजे मुळात सल्ला. त्यामुळे कोणी 'वरून ऑर्डर आहे' म्हणालं, तर कागद बघायला मागा आणि आधी मथळा वाचा.

परमिशन वरून येते, कन्सेंट समोरून

आता सगळ्यात महत्त्वाची जोडी. परमिशन देणारा वर असतो. त्याच्याकडे काहीतरी अडवण्याचा अधिकार असतो, तो अडवत नाही, एवढंच. कन्सेंटचं मूळ लॅटिनमध्ये 'एकत्र' आणि 'वाटणं' अशा दोन शब्दांत आहे. दोघांना एकच वाटणं. इथे वर-खाली नाही, समोरासमोर आहे.

आपला १८७२ चा करार कायदा हेच सांगतो. दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाली, तर ती संमती. आणि ती मोकळी हवी. धाक, फसवणूक, खोटी माहिती, गैरसमज किंवा अवाजवी दबाव असेल, तर ती मोकळी संमती नव्हे. अवाजवी दबाव म्हणजे काय, तर एकाच्या हातात दुसऱ्याच्या मनावर कुरघोडी करण्याची जागा असणं आणि तिचा फायदा उठवणं. त्याचं एक उदाहरण कायद्यानेच दिलंय : खरा किंवा दिसायला असलेला अधिकार. म्हणजे जिथे ऑथॉरिटी आहे, तिथे मिळालेल्या 'हो'कडे कायदा जरा बारकाईने बघतो. सीनिअरने ज्युनिअरला, बॉसने इंटर्नला, गाइडने रिसर्च स्टुडंटला 'चालेल ना?' विचारलं आणि समोरून 'हो' आलं, तर तो 'हो' कसला आहे? नाही म्हणायची सोय होती का? दुसरा प्रश्न इथे सगळ्यात मोठा. नात्यातही तोच लागू. गप्प बसणं म्हणजे हो नव्हे. काल हो होतं म्हणून आजही हो आहे, असंही नव्हे.

मोबाइलमध्येही हीच जोडी रोज भेटते. टॉर्चचं अ‍ॅप कॉन्टॅक्ट्सची 'परमिशन' मागतं. इथे गंमत बघा, परमिशन देणारे तुम्ही आहात, म्हणजे वर तुम्ही आहात! पण आपण खाली असल्यासारखे घाईघाईने 'अलाऊ' दाबतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीसाठी अटी घातल्या : ती मोकळी, ठरावीक कामापुरती, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, स्पष्ट कृतीतून दिलेली असावी. आणि देणं जितकं सोपं, मागे घेणंही तितकंच सोपं असावं. या मापाने तुमच्या फोनमधली किती 'आय अ‍ॅग्री' पास होतील?

मागायचं कसं?

इथवर ऐकण्याचं झालं. आता बोलण्याचं. आपण इंग्रजीत अर्ज लिहायला बसलो, की अचानक दीडशे वर्षं मागे जातो. 'आय बेग टू स्टेट', 'काइंडली डू द नीडफुल'. भीक मागायचं काही कारण नसतं, आणि 'नीडफुल' म्हणजे नेमकं काय करायचं, हे समोरच्याला कळत नाही. त्याऐवजी आधी ठरवा : मी माहिती देतोय, विनंती करतोय की परवानगी मागतोय? ताप आलाय आणि येऊ शकत नाही, तर 'आय अ‍ॅम रायटिंग टू इन्फॉर्म यू'. ती माहिती आहे. चुकलेली टेस्ट परत घ्यावी असं वाटतं, तर 'आय रिक्वेस्ट यू'. ती विनंती आहे, नाही ऐकायची तयारी ठेवा. लॅब सुट्टीच्या दिवशी वापरायची आहे, तर 'मे वुई हॅव युअर परमिशन', आणि पुढे तारीख, वेळ, कोण कोण आणि जबाबदार कोण. टेनेरिफची आठवण ठेवून, मिळालेलं उत्तर मेलवर परत लिहून पाठवा : 'अ‍ॅज डिस्कस्ड, वुई विल यूज द लॅब ऑन संडे फ्रॉम १० टू ४.' दोघांनाही बरं.

मराठीत हे सगळं आपण क्रियापदात भागवतो. 'ये', 'या', 'यावं', 'येशील का', 'यायला हवं', 'यायचंच आहे', 'यायला हरकत नाही'. आणि घरून निघताना 'येऊ का?' असं विचारतो, जणू जायची परवानगीच मागतोय. इंग्रजीत निरोप घेण्याला 'टेकिंग लीव्ह' म्हणतात. तिथेही 'लीव्ह' म्हणजे परवानगी. सुट्टीला 'लीव्ह' म्हणतात तेही त्यामुळेच : गैरहजर राहण्याची परवानगी. सुप्रीम कोर्टातली 'स्पेशल लीव्ह पिटिशन' म्हणजे सुट्टीचा अर्ज नव्हे, तर अपील करायची खास परवानगी. आपली 'रजा' हाच प्रवास करून आली. मूळ अरबी शब्दाचा अर्थ राजीखुशी, संमती. ऑफिसात पोचेपर्यंत तिची सुट्टी झाली. आणि 'निरोप' या शब्दाला जुन्या मराठीत आज्ञा असाही अर्थ होता. दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर, आणि उठून जायचं तर वडीलधाऱ्यांना विचारून, ही रीत मात्र सारखी.

चौकट १ : सही कुठली, ते वाचा

अर्जावर सही मिळाली म्हणजे काम झालं, असं नाही. सहीच्या वरचा शब्द बघा.

सीन : पाहिलं. बस्स, पाहिलं.
नोटेड : नोंद घेतली. हो किंवा नाही काहीच म्हटलेलं नाही.
फॉरवर्डेड : पुढे पाठवलं. निर्णय वरचा माणूस घेणार.
रेकमेंडेड : माझी शिफारस आहे, पण अधिकार माझा नाही.
अप्रूव्ड : कल्पना मान्य. पैशाचं वेगळं विचारा.
सँक्शन्ड : मंजूर. खर्चाच्या बाबतीत हा शब्द आणि आकडा, दोन्ही लेखी हवेत.

चौकट २ : दोन तोंडांचे शब्द

सँक्शन : लोन 'सँक्शन' झालं तर पेढे वाटायचे. देशावर 'सँक्शन्स' आले तर निर्बंध लागले. मंजुरीही हाच शब्द, शिक्षाही हाच.
ओव्हरसाइट : देखरेख, आणि देखरेखीत राहून गेलेली चूकही.
एन्जॉइन : करायला फर्मावणं. कोर्टाच्या भाषेत मात्र बहुधा करायला मनाई. 'इन्जंक्शन', म्हणजे मनाई हुकूम, याच घरातला.
लेट : एरवी 'करू देणं'. पण तुमच्या पासपोर्टच्या पहिल्या पानावर, धारकाला 'लेट ऑर हिंड्रन्स'शिवाय जाऊ द्यावं, असं लिहिलेलं असतं. तिथे 'लेट' म्हणजे अडथळा. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, पुढे त्यांचं रूप एक झालं. त्याच वाक्यात इतर देशांना राष्ट्रपतींच्या नावाने 'रिक्वेस्ट' आणि 'रिक्वायर' असं दोन्ही केलंय. विनंतीही, आणि ती पाळली जावी ही अपेक्षाही. पासपोर्ट घरात असेल तर आज काढून वाचा.